वाक्यरचनेचं फॉर्मल व्याकरण

भाषेतली वाक्यं कुठल्या नियमांनी बनतात ते गणितासारखं काटेकोर मांडायचं, इतकं की त्या नियमांतून सगळी चालणारी वाक्यं निघावीत आणि न चालणारं एकही निघू नये, याला फॉर्मल व्याकरण म्हणतात. आजचं रूप आलं अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीच्या १९५७ च्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या पुस्तकापासून, पण सूत्रांनी अख्खी भाषा बांधायचं काम पाणिनीने सुमारे ४००० सूत्रांत कितीतरी आधी केलं होतं.

मुख्य मुद्दा असा की वाक्यात शब्द नुसते एकापुढे एक नसतात, त्यांचे गट पडतात आणि गटात गट असतात. हर्णैच्या बंदरावर कोणी म्हणालं, "जुन्या होडीच्या मालकानं जाळं विकलं", तर जुनं काय, होडी की मालक? दोन्ही अर्थ लागतात, कारण 'जुन्या होडीच्या' हा एक गट धरता येतो किंवा 'होडीच्या मालकानं' हा. आता 'नं' काढून बघा, 'जुनी होडी' असेल तर "जुन्या होडीचा मालक" आणि मालक जुना असेल तर "जुना होडीचा मालक", लगेच फरक दिसतो, म्हणजे सामान्यरूपाने तो झाकला होता. शब्द तेच, क्रम तोच, फक्त ट्री डायग्राम, म्हणजे गटात गट दाखवणारी झाडासारखी आकृती, दोन.

क्रियापदाचं तर विचारूच नका. "बाळू सुरमई आणतो" पण "बाळूनं सुरमई आणली", इथे क्रियापद बाळूला सोडून सुरमईप्रमाणे बदललं. आणि "तू सुरमई आणलीस" मध्ये 'ली' सुरमईमुळे आणि 'स' तूमुळे, एकाच क्रियापदात दोघांशी मेळ! कुठल्याही थिअरीला हे समजावून सांगावंच लागतं. चॉम्स्कीच्या परंपरेत गट वाक्यात जागा बदलतात, ब्रेसनन आणि कॅपलान यांच्या लेक्सिकल फंक्शनल ग्रामरमध्ये कर्ता-कर्म वेगळ्या पातळीवर ठेवतात, तेनिएरच्या डिपेन्डन्सी व्याकरणात (१९५९) सगळं क्रियापदाला टांगलेलं असतं. मराठीत शब्द बरेच मागेपुढे होतात म्हणून मला शेवटचं जास्त सोयीचं वाटतं, पाणिनीच्या कारकांच्याही (म्हणजे क्रियेतल्या कर्ता, कर्म अशा भूमिकांच्याही) ते जवळ आहे.

मराठीचं मोठं पारंपरिक व्याकरण १९११ चं, मालगुंडच्या केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांचं. मालवणीसारख्या बोलींचं असं बारकाईने काम व्हायलाच हवं. शाळेत तिला अशुद्ध म्हणतात पण फॉर्मल व्याकरण फक्त बोलणाऱ्याला काय चालतं ते विचारतं, आणि मालवणी माणसाला 'तो इलो', 'ती इली' चालतं, 'तो इली' अजिबात चालत नाही.