८७ सिल्व्हिया

सिल्व्हिया हा मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला, त्यातही बाहेरच्या कडेचा एक मोठा लघुग्रह. नावाआधीचा ८७ म्हणजे शोधाचा क्रमांक. हा सापडला आपल्याकडे, मद्रासला, १६ मे १८६६ रोजी, आणि शोधणारे होते तिथले सरकारी खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉगसन. नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे, ताऱ्यांच्या तेजस्वितेची प्रत मोजताना एका प्रतीच्या फरकाला तेजात २.५१२ पट फरक हा जो हिशोब लावतात तो यांचाच.

पॉगसन १८६१ मध्ये मद्रासला आले आणि त्याच वर्षी त्यांनी ६७ एशिया शोधला, आशिया खंडातून सापडलेला पहिला लघुग्रह, म्हणून नावही तेच. तेव्हा फोटोबिटो काही नाही. दुर्बिणीला डोळा लावायचा, आकाशाचा एक तुकडा ताऱ्यांच्या नकाशाशी ठिपका ठिपका जुळवत बसायचं, आणि नकाशात नसलेला एखादा ठिपका दिसला की पुढच्या रात्री परत बघायचं तो सरकलाय का, सरकला असेल तर तारा नाही. हे सगळं नुंगमबाक्कमच्या वेधशाळेत, ऐन मे महिन्यात, म्हणजे मद्रासचा उकाडा आठवून बघा.

नाव रोमन पुराणकथेतल्या रिया सिल्व्हियाचं, रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांची आई. काही ठिकाणी हे नाव फ्लामारियाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या बायकोवरून दिलंय असं छापलेलं सापडतं, पण पॉगसनने स्वतःच रिया सिल्व्हिया लिहून ठेवलंय, त्यामुळे तो वाद मिटलेलाच धरावा.

सूर्यापासून अंतर सरासरी ५२ कोटी किमी, एक फेरी साडेसहा वर्षांची. आकार बटाट्यासारखा लांबुळका, सरासरी व्यास २७० किमीच्या आसपास, म्हणजे गोल वगैरे अजिबात नाही. एवढं मोठं धूड स्वतःभोवती मात्र ५ तास ११ मिनिटांतच गिरकी घेतं. पृष्ठभाग कोळशासारखा काळा, पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के परत फेकतो, त्यामुळे आकार मोठा असूनही नुसत्या डोळ्यांनी दिसायचं नाव नाही.

खरी गंमत १३५ वर्षांनी झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीतून मायकेल ब्राऊन आणि जाँ-ल्यूक मार्गो यांना सिल्व्हियाला एक चंद्र दिसला. मग फ्रांक मार्शी आणि त्यांच्या टीमला चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीने २००४ मध्ये घेतलेल्या फोटोंत दुसरा सापडला, २००५ मध्ये तो जाहीर झाला आणि दोन चंद्र असलेला हा पहिला माहीत झालेला लघुग्रह ठरला. आता आईचं नाव आधीच ठेवलेलं, पोरं दोन, मग वेगळी नावं कोण शोधत बसणार! बाहेरचा रोम्युलस साधारण १,३५६ किमीवरून ३.६५ दिवसांत फिरतो, आतला रेमस ७०६ किमीवरून १.३८ दिवसांत. दोघंही छोटेच, रेमस तर अगदीच चिमुकला.

चंद्र असण्याचा मोठा फायदा असा की आईचं वजन काढता येतं. चंद्र किती लांबून आणि किती वेळात फिरतो यावरून मधल्या वस्तूचं ओढण्याचं बळ कळतं, त्यावरून वस्तुमान, आणि त्याला आकारमानाने भागलं की घनता. सिल्व्हियाची घनता आली पाण्याच्या सव्वापट किंवा त्याहून थोडीशी जास्त. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ पाण्याच्या जवळपास तिप्पट जड असतो, त्यामुळे हा एकसंध दगड नाही हे उघड आहे. आत बरीच पोकळी असणार, बर्फही असू शकेल. २००५ मध्ये मांडलेलं चित्र असं की जुन्या टकरीत फुटलेले तुकडे परत एकत्र येऊन हा ढिगारा झाला आणि चंद्र म्हणजे त्यातलेच उरलेले तुकडे. नंतरच्या, २०२१ च्या अभ्यासात मात्र मधला गाभा बाहेरच्यापेक्षा दाट असावा असं निघालं, म्हणजे नुसता ढिगारा म्हणून सोडून देण्याइतकं ते सोपं नाही.