आधी छेद विचारा: एचएमआयएस आणि एनएफएचएस

जिल्ह्याच्या आरोग्याची चर्चा निघाली की एक घोळ हमखास होतो. एचएमआयएसवरून, म्हणजे दवाखान्यांनी दरमहा भरलेल्या सरकारी नोंदींवरून, कोणी सांगतो की जिल्ह्यात ९९ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात, दुसरा एनएफएचएसचा, म्हणजे घरोघरी केलेल्या पाहणीचा, कागद काढून ९१ टक्के दाखवतो, आणि मग एक तर कोणाला तरी खोटे ठरवले जाते, नाही तर ‘आठ टक्क्यांची सुधारणा’ म्हणून बातमी छापून येते. दुसरा प्रकार मला अधिक खटकतो, कारण त्यात वजाबाकी बरोबर असते आणि बाकी सगळे चूक असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, म्हणजे एनएफएचएस, वाचकांच्या परिचयाची आहे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही पाहणी करते, निवडलेल्या घरांत जाऊन माहिती विचारली जाते, आणि २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून जिल्हावार आकडे मिळू लागले. एचएमआयएस ही २००८ पासून चालणारी नोंदप्रणाली आहे. तिच्यात उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक संस्था दरमहा आपल्या कामाचे आकडे भरते. एक आकडा दरमहा येतो आणि दुसरा काही वर्षांनी, किंवा खासगी दवाखान्यांकडून नोंदी कमी येतात, हे फरक खरे आहेत; पण गोंधळ त्यांच्यामुळे होत नाही. गोंधळ होतो तो छेदामुळे, म्हणजे टक्केवारी काढताना ज्या संख्येने भागतात त्या खालच्या संख्येमुळे.

एचएमआयएसमध्ये संस्थात्मक प्रसूतींची जी टक्केवारी सर्रास सांगितली जाते, तिचा छेद ‘नोंदवलेल्या एकूण प्रसूती’ हा असतो. पाड्यावर घरीच झालेली प्रसूती कोणी नोंदवलीच नाही, तर ती अंशात नसते हे उघड आहे, पण ती छेदातही नसते. म्हणजे घरच्या प्रसूतींची नोंद जितकी ढिसाळ, तितकी टक्केवारी शंभराच्या जवळ सरकते. आणि एखाद्या आशाताईने चिकाटीने अशा सगळ्या प्रसूती लिहून काढल्या, तर तिच्याच उपकेंद्राचा आकडा घसरतो. आढावा बैठकीत बोलणी तिलाच खावी लागतात, याचा मला मनस्वी राग येतो.

लसीकरणाचा छेद आणखी निराळा आहे. तिथे वर्षभरात किती बालके जन्मतील याचा अंदाज, ज्याला खात्यात ‘अपेक्षित लाभार्थी’ म्हणतात, छेदाला बसतो, आणि तो अंदाज २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या पुढे वाढवत नेऊन काढलेला असतो. शिवाय अंशात घटना जिथे घडली तिथे मोजली जाते, तर छेदात माणसे जिथे राहतात असे धरले आहे तिथे. बीड जिल्ह्यातली बाई अडचणीच्या वेळी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात बाळंत झाली, तर प्रसूती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या खात्यात जाते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आणि उसाच्या तोडीला गेलेली कुटुंबे हाच हिशेब आणखी विस्कटतात. एखाद्या तालुक्याचा छेद १,००० बालकांचा धरला आणि प्रत्यक्ष १,०४० बालकांना लस दिली गेली, तर कागदावर १०४ टक्के येतात. असा आकडा पाहून पाठ थोपटणाऱ्याने आधी छेद तपासायला हवा.

एनएफएचएसचा छेद याच्या उलट घराच्या उंबऱ्याशी ठरतो. घरात भेटलेल्या बाईला मागच्या पाच वर्षांतल्या बाळंतपणांबद्दल विचारले जाते, आणि ती कुठेही बाळंत झाली असली, नोंद झालेली असो वा नसो, तरी ती मोजली जाते. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायची तर मी याच आकड्याकडे वळतो. त्याची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली गोष्ट काळाची: महाराष्ट्रात पाचव्या फेरीचे काम २०१९ च्या उत्तरार्धात झाले, त्यामुळे राज्याचा ९४.७ टक्के संस्थात्मक प्रसूतींचा आकडा त्याआधीच्या पाच वर्षांबद्दल बोलतो, ‘सध्या’बद्दल नव्हे. दुसरी गोष्ट नमुन्याची. राज्याचे संपूर्ण लसीकरण ५६.२ वरून ७३.५ टक्क्यांवर गेले हे भक्कम विधान आहे. पण जिल्ह्यात हा प्रश्न फक्त १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना लागू होतो. अशी ६० मुले सापडली आणि ७५ टक्के आले, तर खरा आकडा ६४ ते ८६ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. जिल्हा पत्रकात काही आकडे कंसात छापलेले असतात, ते २५ ते ४९ जणांवर बेतलेले म्हणून. त्याहून कमी असतील तर नुसती फुली असते. कंस खोडून आणि दशांश राखून जिल्ह्यांची क्रमवारी लावणाऱ्यांना माझा नमस्कार.

जाता जाता ठाण्याचे सांगतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण चौथ्या फेरीने २०११ च्या जनगणनेतले जिल्हे धरले होते. म्हणून त्या फेरीच्या ठाण्यात जव्हार-मोखाडाही आहेत आणि पाचव्या फेरीच्या ठाण्यात नाहीत. या दोन ठाण्यांची तुलना करून प्रगती दाखवण्यात अर्थ नाही.

बालमृत्यूंच्या बाबतीत एचएमआयएसचा आकडा दर म्हणून वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. सरकारी नोंदीत किती बालमृत्यू निसटतात हे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने महाराष्ट्राला दाखवले होते, आणि नोंदवलेले मृत्यू वाढले म्हणजे मृत्यूच वाढले असे समजणारे तरीही दरवर्षी भेटतात. एचएमआयएसचा प्रसूतींसारखा आकडा मात्र एका प्राथमिक आरोग्य केंद्रापुरता, त्याच केंद्राच्या मागील महिन्यांशी ताडून पाहिला, तर फार कामाचा असतो: जूनमध्ये प्रसूती अचानक निम्म्यावर आल्या, तर डॉक्टर रजेवर आहेत की रस्ता वाहून गेला, हे त्याच आठवड्यात फोन करून विचारता येते. एनएफएचएसच्या पुढच्या फेरीची वाट पाहून ते कळणार नाही.