पॅथॉलॉजिस्ट ‘खरे डॉक्टर’ नसतात?

"पॅथॉलॉजिस्ट म्हणजे लॅबमध्ये रक्त काढणारे, ते कुठले डॉक्टर" असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. वाटणं साहजिकच आहे, कारण आपल्याला भेटतो तो सुई टोचणारा टेक्निशियन, त्याचा कोर्स वेगळा असतो. पॅथॉलॉजिस्ट आधी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस करतात, मग बहुतेक जण 3 वर्षं एमडी. काढलेल्या गाठीचे 3-4 मायक्रॉनचे पातळ काप गुलाबी-जांभळे रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवतात आणि कॅन्सर आहे की नाही ते हेच डॉक्टर बघून ठरवतात, कधी तर पेशंट ऑपरेशन टेबलवर, सर्जन थांबलेले आणि फ्रोझन सेक्शनचं (गाठीचा तुकडा झटपट गोठवून केलेल्या तपासणीचं) उत्तर काही मिनिटांत द्यायचं, केवढी जबाबदारी! खात्री करायचीय? रिपोर्टखाली सहीजवळ डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर बघा, मग तो मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून नाव जुळतंय का तपासा.