तुमच्या कुत्र्याला रोज किती फिरवायचं?

आम्ही लोकांचे कुत्रे फिरवून आणतो. कामासाठी नव्या घरी गेलो की आधी हेच विचारतो, "रोज किती फिरतो?" "सकाळ-संध्याकाळ खाली नेतो की!" हे ठरलेलं उत्तर. खोदून विचारलं की कळतं, खाली म्हणजे सोसायटीच्या गेटपर्यंत, शी-शू आटोपेपर्यंत. जेमतेम सात-आठ मिनिटं. याला आम्ही फिरवणं धरत नाही.

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल या जाती मुळात कामासाठी तयार झालेल्या. लॅब पाण्यात पडलेली शिकार आणून देणारा, बीगल सशाचा माग काढणारा. धडधाकट असेल तर यांना दिवसाला दीड ते दोन तास हवेत, दोन-तीन वेळांत विभागून. बीगल दिसायला लहान म्हणून अर्ध्या तासावर भागवू नका. चपला कुरतडणं, दाराची बेल वाजली की अर्धा तास भुंकत राहणं, यामागे पुष्कळदा न जिरलेली ताकद असते. आपल्या देशी कुत्र्याला साधारण तास-दीड तास, पग आणि शिट्झूला अर्धा ते एक तास पुरतो.

पगची मात्र आम्हाला खरी काळजी वाटते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला नेमकं तेच जड जातं. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत फिरवून आणा. संध्याकाळी निघण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. जीभ गडद लाल झाली, लाळ घट्ट झाली, चाल लटपटली, तर लगेच सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि तसंच डॉक्टरकडे न्या.

पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्यावर रस्त्यावर कधी उतरवायचं ते डॉक्टरांना विचारा. मोठ्या जातींची हाडं भरायला सव्वा-दीड वर्ष लागतं. तोवर लांब पळवणं, जिन्यांच्या फेऱ्या, उंचावरून उड्या नकोत. आणि पट्टा हातात धरून स्कूटरमागे पळवणं कुठल्याच वयात नको. हे आम्ही हात जोडून सांगतो. कुत्रा थकला तरी थांबू शकत नाही, तो ओढला जातो.

म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्याचं फिरणं बंद करू नका. दहा-दहा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या करा.

वाटेत तो विजेच्या खांबापाशी थांबला, नाक खालपासून वरपर्यंत नेलं, पुन्हा खाली आला, तर पट्टा ओढू नका. दोन मिनिटं जाऊ द्या. इथून कोण गेलं, कधी गेलं, हे तो नाकाने वाचतोय. अशा वीस मिनिटांनी पिल्लूसुद्धा घरी येऊन शांत झोपतं.

भरल्या पोटी पळवू नका. छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. जेवणानंतर निदान एक-दोन तास जाऊ द्या.

पावसाळ्यात साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. घरी आल्यावर पंजे पुसा, बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचीड आहे का ते चाचपून बघा. आमचा माणूस फिरवून आणतो तेव्हा हे करतोच. किती वेळ फिरला, शी कशी झाली, कुठे लंगडला का, हे दारामागच्या वहीत लिहून ठेवतो. ती वही डॉक्टरकडे जाताना सोबत घ्या.