हरवलेला बिट आणि चुकलेला बिट

‘आमच्याकडे रेड आहे, डेटा कुठे जात नाही’ हे वाक्य लहान कार्यालयांत हमखास ऐकू येते (रेड म्हणजे अनेक डिस्कांचा असा संच, की त्यातली एक बंद पडली तरी डेटा टिकावा), आणि त्याच भरवशावर जागा वाढवायची वेळ आली की जुन्या संचातली एकेक डिस्क काढून तिच्या जागी मोठी डिस्क घातली जाते. हा मार्ग जोखमीचा का, हे कळण्यासाठी रेडच्या पोटातले गणित पाहिले पाहिजे.

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कले येथे रेडचे पाच स्तर मांडले. त्यांतल्या पाचव्या स्तराच्या चार डिस्कांच्या संचात तीन डिस्कांवर १, ० आणि १ हे बिट असतील, तर चौथ्या डिस्कवरचा पॅरिटी बिट असा ठरवतात की एकूण १ची संख्या सम राहावी. येथे १ दोनदा आलेलाच आहे, म्हणून पॅरिटी ०. दुसरी डिस्क बंद पडली, तर उरलेल्या १, १ आणि ० यांत १ दोनदाच आहे, म्हणजे हरवलेला बिट ०च असला पाहिजे. आता तीच डिस्क बंद न पडता ०च्या जागी १ सांगू लागली, तर १ तीनदा होतो आणि चूक आहे एवढे कळते. ती कोणाची, हे मात्र कळत नाही. त्या डिस्कचा दिवा हिरवाच राहतो, आणि रोजच्या वाचनात बहुतेक संच पॅरिटी पडताळतही नाहीत.

४ टेराबाइटच्या चार डिस्कांपैकी एक काढली, की तिच्यावरचा डेटा नव्याने भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ते १२ टेराबाइट म्हणजे ९६ लाख कोटी बिट होतात, आणि साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात १०० लाख कोटी बिटांमागे एक न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून चांगल्या चालतात. पण तेवढ्यात एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एक लहानसा तुकडा, जरी वाचता आला नाही, तरी अज्ञाते दोन आणि समीकरण एकच उरते. चारही डिस्क बदलायच्या, म्हणजे हा प्रसंग चारदा.

नवा संच शेजारी ठेवून कॉपी केली, तरी १२ टेराबाइटच वाचायचे असतात, पण जुना संच अखंड असल्याने न वाचता आलेला सेक्टर पॅरिटीतून मिळतो. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला ११० मेगाबाइट धरले, तर याला सुमारे ३० तास लागतात. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूची माळ जरूर घालावी, मात्र तिच्या भरवशावर हे तास वाचवू नयेत.

कॉपीनंतर चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवावा. आरसिंक हा प्रोग्राम एरवी फाइलचा आकार आणि बदलाची वेळ एवढेच पाहतो. मजकूर जुळवण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. अर्थात जुन्या संचानेच चुकलेला बिट दिला असेल, तर दोन्हीकडचे चेकसम बिनतक्रार जुळतील. झेडएफएस ही फाइल प्रणाली प्रत्येक ब्लॉकचा चेकसम लिहितानाच ठेवते. तो जुळला नाही, की ती एकेका डिस्कला चुकीची धरून तिचा भाग पॅरिटीतून काढून पाहते, आणि जिला वगळल्यावर चेकसम जुळतो ती डिस्क सापडते.