सरकारी सूचना आणि सार्वजनिक निधी : न्यू साउथ वेल्स वसाहत (१८००–१८५६)

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरची न्यू साउथ वेल्स ही ब्रिटिश वसाहत १७८८ मध्ये हद्दपार कैद्यांसाठी वसवली गेली. पहिली छत्तीस वर्षे तिथे कसलेच विधिमंडळ नव्हते. गव्हर्नर हुकूम काढी आणि तोच कायदा होई. कर बसे तोही हुकमाने, आणि त्या कराचा जमाखर्च छापला जाई तोही हुकूम छापणाऱ्याच पत्रात. म्हणून या वसाहतीत सरकारी सूचनांचा इतिहास आणि सार्वजनिक पैशाचा इतिहास वेगवेगळे काढून वाचता येत नाहीत.

पहिल्या जहाजांबरोबर एक लाकडी छापखाना आला होता, पण तो चालवणारा माणूस काही वर्षे मिळाला नाही. तोवर हुकूम हाताने लिहून काढत, कवायतीच्या मैदानावर आणि रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढे वाचून दाखवत. १८०० मध्ये जॉर्ज हाउ हा कैदी सिडनीत उतरला. वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर वडिलांच्या छापखान्यात तो हे काम शिकला होता. चोरीबद्दल झालेली त्याची फाशी बदलून त्याला हद्दपारीची शिक्षा मिळाली होती. गव्हर्नर फिलिप गिडली किंग याने त्याच्या हाती यंत्र दिले आणि ५ मार्च १८०३ रोजी ‘सिडनी गॅझेट अँड न्यू साउथ वेल्स ॲडव्हर्टायझर’ निघाले. ही वसाहत कैद्यांची आणि तिचे सरकारी मुखपत्र छापणाराही कैदीच, ही वस्तुस्थिती लक्षात ठेवण्याजोगी आहे. हाउला पगार नव्हता. वर्गणीदारांनी पैसे दिले तर त्याचा चरितार्थ चाले. १८११ पासून त्याला वर्षाला ६० पौंड मिळू लागले. कागदाची टंचाई तर कायमचीच होती. हाती येईल त्या आकाराच्या आणि रंगाच्या कागदावर अंक निघत, आणि १८०७ च्या उत्तरार्धात पत्र काही महिने बंदच पडले.

पहिल्याच अंकातल्या एका हुकमात या सगळ्या व्यवस्थेचे सूत्र आहे. सचिवाच्या किंवा अधिकृत अंमलदाराच्या सहीने या पत्रात जे छापून येईल, ते ज्याच्याशी संबंधित असेल त्याला व्यक्तिशः कळवले आहे असेच मानले जाईल, असे त्यात बजावले होते. छापले म्हणजे कळले. आज महाराष्ट्रात नाव बदलणारा माणूस राजपत्रात सूचना देतो ती याच गृहीतकावर : एकदा राजपत्रात आले की कुणालाही ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. सिडनीत मात्र निम्म्याहून पुढची वस्ती अंकाचे तोंडही न पाहणारी होती, आणि ज्यांच्या जमिनीवर ही वसाहत उभी राहिली त्या मूळ रहिवाशांसाठी तर ही भाषाच परकी होती.

अंकात येई काय? पावाचे भाव, सरकारी कोठारात धान्य घेण्याचे दिवस, बंदराचे नियम, दारू गाळण्यावरची बंदी, जमिनीची इनामे, पळून गेलेल्या कैद्यांची वर्णने, टपालात पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्या. गुरांच्या कोंडवाड्याच्या सूचनाही येत. इतिहासकाराला ही दैनंदिन माती सोन्यासारखी असते. गव्हर्नरांच्या लंडनला गेलेल्या अहवालांतून वसाहत दिसते ती सजवलेली, या याद्यांतून दिसते ती राबणारी.

पैशाची घडी विचित्र होती. कैद्यांचा आणि सैन्याचा मोठा खर्च लंडनची ट्रेझरी उचली. सिडनीतले कमिसरिएटचे, म्हणजे रसद पुरवणाऱ्या सरकारी खात्याचे, कोठार शेतकऱ्यांकडून धान्य आणि मांस विकत घेई आणि बदल्यात पावत्या देई. नाणे दुर्मीळ असल्याने या पावत्याच हातोहात चलनासारख्या फिरत. मात्र तुरुंग बांधणे, अनाथ मुलींना आसरा देणे असल्या स्थानिक गरजांसाठी लंडन सहजी पैसे सोडत नसे. किंगने त्यावर वाट काढली ती करांची. दारूवर जकात, आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडून येणाऱ्या मालावर शेकडा ५ कर, शिवाय बंदरशुल्क आणि दंड. पूर्वेकडचा माल म्हणजे बहुतेक कलकत्त्याहून येणारा कपडा, साखर आणि बंगाली रम, तेव्हा या वसाहतीच्या पहिल्या करांचा मोठा भार हिंदुस्थानच्या व्यापारावर पडला. या पैशातून तुरुंग-निधी आणि अनाथ-निधी असे दोन निधी उभे राहिले. मुलींचे अनाथगृह १८०१ मध्ये सुरू झाले.

गव्हर्नर लखलान मॅक्वारी याने १८१० मध्ये तुरुंग-निधीचे नाव पोलीस-निधी केले. जकातीचा तीन चतुर्थांश वाटा पोलीस-निधीला आणि एक चतुर्थांश अनाथ-निधीला असे त्याने ठरवले. पहिल्याचा खजिनदार शल्यचिकित्सक डार्सी वेंटवर्थ, दुसऱ्याचा पाद्री सॅम्युअल मार्सडन. पोलीस-निधी हे नाव फसवे आहे. त्यातून रस्ते, पूल, धक्के, सरकारी इमारती, नोकरांचे पगार असे जवळजवळ सगळे नागरी काम चाले. दर तिमाहीचा हिशेब गॅझेटात छापला जाई : कुणाला, कशासाठी, किती. निवडून आलेला एकही प्रतिनिधी नसलेल्या वसाहतीत हा हिशेब लोकांपुढे नियमाने ठेवला जाई, याचे श्रेय मॅक्वारीला द्यायला हवे. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र हिशेबासोबत मिळत नव्हता.

सार्वजनिक कामाला पैसा नसेल तर मक्ता देताना पैशाऐवजी सवलत देण्याचीही रीत होती. सिडनीचे नवे रुग्णालय हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. नोव्हेंबर १८१० मध्ये वेंटवर्थ, अलेक्झांडर रायली आणि गार्नम ब्लॅक्सेल यांच्याशी करार झाला. त्यांनी इमारत बांधायची आणि मोबदल्यात ४५,००० गॅलन रम आयात करण्याचा हक्क घ्यायचा. जोडीला कैदी मजूर आणि बैलही सरकारने पुरवले. रमवरची जकात मक्तेदारांनी भरायचीच होती, त्यामुळे सरकारला इमारतही मिळाली आणि महसूलही. पोलीस-निधीचा खजिनदारच मक्तेदार होता, ही गोष्ट आज कुठल्याही हिशेबतपासनिसाला खटकेल. १८१६ मध्ये रुग्णालय उघडले. त्याच्या उरलेल्या दोन भागांपैकी एकात आज न्यू साउथ वेल्सची संसद बसते.

नाण्यांचा प्रश्न सुटला तो मद्रासमार्गे. नोव्हेंबर १८१२ मध्ये ‘समारंग’ हे जहाज मद्रासहून ४०,००० स्पॅनिश डॉलर घेऊन आले. ते देशाबाहेर निघून जाऊ नयेत म्हणून मॅक्वारीने प्रत्येक नाण्याचा मधला भाग पाडून घेतला. बाहेरचे कडे ५ शिलिंगांचे आणि आतला तुकडा १५ पेन्सांचा, असा दर १८१३ च्या जाहीरनाम्याने लागू झाला.

हे सारे कर मुळात कायदेशीर होते का? संसदेच्या संमतीवाचून प्रजेवर कर बसवता येत नाही हे इंग्रजी राज्यव्यवस्थेचे मूलतत्त्व, आणि गव्हर्नरच्या सूचनेला संसदेचा आधार नव्हता. वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश जेफ्री हार्ट बेंट याने १८१५ मध्ये सिडनी–पॅरामाटा रस्त्यावरच्या नाक्यावर टोल द्यायला नकार दिला. हा कर बेकायदा आहे, असे त्याचे म्हणणे. वेंटवर्थने मॅजिस्ट्रेट म्हणून त्याला २ पौंड दंड केला. बेंट हेकट होता आणि मॅक्वारीशी त्याचे भांडण अनेक कारणांनी पेटलेले होते, तरी मुद्दा त्याचा खरा होता. शेवटी १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून आधी वसूल झालेल्या जकातींबद्दल गव्हर्नरांवर दावे चालवता येणार नाहीत असे ठरवले. जवळजवळ वीस वर्षे निव्वळ सूचनेच्या बळावर कर गोळा झाले होते, याची ती कबुलीच होती.

सूचना आणि निधी यांचे सर्वांत वेदनादायक एकत्र येणे मूळ रहिवाशांच्या बाबतीत घडले. डिसेंबर १८१४ मध्ये मॅक्वारीने पॅरामाटा येथे ‘नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ काढण्याचा हुकूम प्रसिद्ध केला. सरकारी खर्चाने सुरुवातीला सहा मुले आणि सहा मुली ठेवायच्या, त्यांना लिहायला-वाचायला, शेती आणि शिवण शिकवायचे. एकदा दाखल केलेले मूल परत नेण्याचा आईबापांना अधिकार नाही. मुलगा सोळा वर्षांचा आणि मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत तिथेच राहील, असे एक कलम त्यात होते. मुलांना घरापासून तोडणारे हे कलम वाचायला ते आईबाप गॅझेटाचे वर्गणीदार नव्हते. १८१९ मध्ये वसाहतीतल्या शाळांची एकत्र परीक्षा झाली, तिथे या संस्थेतल्या एका मुलीने जवळजवळ शंभर गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिले बक्षीस पटकावले. गॅझेटाने ही बातमी कौतुकाने दिली, पण तिचे नाव छापले नाही. ती दारुग या मूळ रहिवाशांच्या समाजातली मरिया असावी, असे मानले जाते.

त्याआधी एप्रिल १८१६ मध्ये अ‍ॅपिन येथे सैनिकांनी किमान चौदा मूळ रहिवाशांना ठार केले होते. पुढच्याच महिन्यात, ४ मे रोजी, जाहीरनामा निघाला : कुठल्याही गावाच्या एक मैल परिसरात त्यांनी शस्त्र घेऊन येऊ नये, सहापेक्षा जास्त जणांनी शेतांजवळ फिरू नये, आणि जो शांतपणे वागेल त्याला संरक्षणाचा परवाना मिळेल. आपल्याच भूमीवर वावरायला परवाना लागावा, हे ठरले ते चार पानी पत्रातल्या एका रकान्यात.

ब्रिटिश संसदेच्या १८२३ च्या कायद्याने पुढच्या वर्षी नियुक्त सदस्यांचे छोटे विधिमंडळ आले, आणि वसाहतीचा पहिला खजिनदार म्हणून विल्यम बाल्कम आला. सेंट हेलेना बेटावर नेपोलियनचा शेजारी आणि स्नेही म्हणून तो ओळखला जाई. १८२४ मध्येच खासगी वृत्तपत्रे निघू लागली आणि सरकारी मुखपत्राची मक्तेदारी संपली. मग सरकारी सूचनांसाठी स्वतंत्र ‘न्यू साउथ वेल्स गव्हर्नमेंट गॅझेट’ ७ मार्च १८३२ रोजी सुरू झाले. बातमी आणि हुकूम यांची फारकत झाली. निविदा, नेमणुका, सुटकेचे परवाने, कैद्यांच्या वाटणीच्या याद्या यांनी ते भरून जाई.

या नव्या गॅझेटात सर्वाधिक जागा व्यापली ती जमिनीने. १८३१ पासून जमीन इनाम देणे थांबले आणि लिलाव सुरू झाले. किमान बोली एकरी ५ शिलिंग होती, पुढे १२ शिलिंग आणि १८४२ च्या कायद्याने १ पौंड झाली. जमिनीच्या पैशातून ब्रिटनमधल्या गरीब कुटुंबांना आणण्याचा खर्च निघे. म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांच्याच जमिनीच्या किमतीतून त्यांच्या जागी येणाऱ्यांचे भाडे भरले जात होते. जून १८३५ मध्ये जॉन बॅटमन याने पोर्ट फिलिप (आजच्या मेलबर्नचा परिसर) येथे कुलिन या मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांशी सुमारे ६,००,००० एकरांचा करार केल्याचे सांगितले. गव्हर्नर रिचर्ड बर्क याने २६ ऑगस्टच्या जाहीरनाम्याने तो रद्दबातल ठरवला, कारण सरकारच्या मते ती जमीन राजाची मोकळी जमीन होती आणि सरकारच्या परवानगीवाचून तिथे राहणारा अतिक्रमक होता. बॅटमनचा करारही फसवाच होता. पण मूळ रहिवाशांना विकायला जमीनच नाही, हे या छापील सूचनेने ठरवून टाकले. १८३६ पासून मेंढपाळांनी वर्षाला १० पौंड भरून सरकारी जमिनीवर चराईचा परवाना घ्यावा असा नियम आला. १८३९ मध्ये त्यांच्या जनावरांवर पट्टी बसवून सीमा-पोलीस उभे केले गेले.

१८३६ च्या बर्कच्या चर्च-कायद्याने अँग्लिकन, कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियन या तिन्ही पंथांना सरकारी मदत मिळू लागली. लोकांनी किमान ३०० पौंड जमवले तर चर्चच्या इमारतीसाठी तितकीच रक्कम सरकार देई, कमाल १,००० पौंडांपर्यंत. एका पंथाची मिरासदारी मोडणारा हा निर्णय त्या काळी धाडसाचा होता. १८४२ च्या कायद्याने अंशतः निवडलेले विधिमंडळ आले तरी ८१,६०० पौंडांची रक्कम त्याच्या मताबाहेर राखून ठेवली गेली, आणि जमिनीचा महसूलही लंडनच्या ताब्यात राहिला. पोलीस आणि तुरुंगांचा खर्च मात्र ट्रेझरीने १८३५ मध्येच वसाहतीच्या गळ्यात घातला होता. पैशावर ताबा कुणाचा, या तंट्याचा निकाल लागायला १८५६ चे जबाबदार, म्हणजे विधिमंडळाला उत्तर देणारे, सरकार यावे लागले.

राजाच्या वाढदिवसाच्या सुमारास मूळ रहिवाशांना सरकारी खर्चाने कांबळी वाटण्याची पद्धत होती. गव्हर्नर जॉर्ज गिप्स याने १८४० च्या दशकात काटकसरीसाठी ती जवळजवळ बंद केली. किती कांबळी दिली याचा हिशेब लागावा म्हणून मॅजिस्ट्रेट घेणाऱ्यांची नावे, अंदाजे वय, जमात आणि ठिकाण लिहून सिडनीला पाठवत. ते तक्ते राज्याच्या अभिलेखागारात आहेत, आणि आज त्या कुटुंबांचे वंशज त्यांत आपल्या पूर्वजांची नावे शोधतात.