कॅप्चा आणि फॉर्मवरचा स्पॅम

ऑनलाइन फॉर्म भरणारा माणूस आहे की प्रोग्राम, हे ओळखण्यासाठी मधे घातलेली छोटी परीक्षा म्हणजे कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करा, सिग्नल असलेले चौकोन निवडा, ‘मी रोबोट नाही’ वर टिक करा, हे सगळे त्याचेच प्रकार. पण उघड्या फॉर्मवर येणारा कचरा म्हणजे स्पॅम थांबवायला कॅप्चा हा एकच उपाय नाही, त्याच्याशिवाय बरेच मार्ग आहेत आणि त्यातले बहुतेक भरणाऱ्याला दिसतसुद्धा नाहीत, आणि कोल्हापुरात चपलेच्या दुकानाचा चौकशी फॉर्म असू दे नाहीतर एखाद्या वाचनालयाचा अभिप्रायाचा, आधी हे न दिसणारे मार्गच वापरले पाहिजेत. कॅप्चा अगदी शेवटी, तोही गरज पडली तरच.

स्पॅम येतो कशासाठी

बॉट म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम चोवीस तास रिकामे फॉर्म शोधत असतात आणि सापडला की त्यात कर्ज, जुगार, औषधं असल्या लिंका टाकून पुढं जातात. तुमचं दुकान कुठं आहे, तुम्ही काय विकता, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. गूगल एखाद्या साइटकडं किती लिंका येतात यावरून तिचं महत्त्व ठरवायला लागल्यावर जिथं मिळेल तिथं लिंक चिकटवायचा धंदाच सुरू झाला. २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली, म्हणजे ती खूण असलेल्या लिंकेला क्रमवारीत वजन द्यायचं नाही. तरी स्पॅम काही थांबला नाही, कारण एक मेसेज टाकायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि लाखातल्या एकानं जरी क्लिक केलं तरी पाठवणाऱ्याचं भागतंय.

कॅप्चाची वाटचाल

यंत्राला माणसापासून वेगळं ओळखता येईल का, हा प्रश्न ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडला होता. त्यांच्या कल्पनेत परीक्षक माणूस होता, कॅप्चात परीक्षक यंत्रच आहे. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिननं आपोआप भरल्या जाणाऱ्या नोंदी रोखायला चित्रातली अक्षरं वाचून टाइप करायची पद्धत आणली. पुढं कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लम, निकोलस हॉपर आणि त्यांच्यासोबत जॉन लँगफर्ड यांनी या कल्पनेला नाव दिलं आणि २००३ मध्ये शोधनिबंधात ती नीट मांडली. २००७ मध्ये रीकॅप्चा आला. त्यात लोक जे शब्द टाइप करत होते त्यातला एक जुन्या छापील मजकुराच्या स्कॅनमधला, कॉम्प्युटरला न वाचता आलेला असायचा, आणि अशा रीतीनं न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकांचं डिजिटायझेशन झालं. गूगलनं २००९ मध्ये रीकॅप्चा विकत घेतला.

पण २०१४ मध्ये गूगलनंच सांगितलं की सगळ्यात अवघड वाकडी अक्षरंसुद्धा त्यांचा प्रोग्राम ९९.८ टक्के अचूक वाचतोय. तिथंच अक्षरांचा कॅप्चा खरं तर संपला होता. त्याच वर्षी टिक करायचा चौकोन आला, २०१८ मध्ये काहीच न विचारता, भरणारा माणूस वाटतो का याचे मागच्या मागं ० ते १ असे गुण देणारी रीकॅप्चाची आवृत्ती आली, २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीनं कोडं न घालणारा टर्नस्टाइल हा पर्याय काढला. पैसे घेऊन माणसांकडून कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवाही बऱ्याच वर्षांपासून आहेत, त्यामुळं ज्याला आत यायचंच आहे तो येतोच.

अडतो तो साधा माणूस

चित्रांच्या कॅप्चात फायर हायड्रंट निवडा म्हणतात. अमेरिकेत फूटपाथवर असतो तो आग विझवायच्या पाण्याचा बुटका नळ, कोल्हापुरातल्या राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ती वस्तू कधी दिसलेलीच नसते, तो काय निवडणार? ज्या आजोबांना देवनागरी सराईत वाचता येतं पण इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचावी लागतात त्यांच्यापुढं वाकडी इंग्रजी अक्षरं टाकायची हे तर सरळ अन्यायाचंच आहे. दृष्टिहीन माणसाला चित्र दिसत नाही म्हणून आवाजाचा कॅप्चा देतात, तोही बहुतेक ठिकाणी इंग्रजीत आणि मुद्दाम खरखर घातलेला. महाद्वार रोडवर दुकानात पाय टाकायच्या आधी गिऱ्हाइकाला कोडं घातलं तर तो पुढच्या दुकानात जाईल, इथंही तेच होतं, फक्त निघून गेलेला माणूस दुकानदाराला दिसत नाही आणि म्हणून तोट्याचा पत्ताच लागत नाही.

ओटीपी मागणं हा दुसरा अडसर. नुसतं ‘कापशी चप्पल आठ नंबरात मिळेल का’ एवढंच विचारायचं असताना मोबाईल नंबर कशाला द्यायचा? नंबर दिला की जाहिरातींचे फोन सुरू होतात अशी लोकांना धास्ती असते, आणि ती रास्त आहे.

न दिसणारे पहारे

यातला सगळ्यात साधा आणि उपयोगी म्हणजे हनीपॉट. फॉर्ममध्ये नाव, फोन, मजकूर अशा रकान्यांसोबत ‘कंपनी’ नावाचा एक जादा रकाना ठेवायचा आणि तो स्टाइलशीटनं, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडनं, लपवायचा. माणसाला तो दिसत नाही म्हणून रिकामा राहतो, बॉट मात्र कोड वाचून दिसेल तो रकाना भरतो, आणि भरलेला आला की फॉर्म गुपचूप बाजूला टाकायचा. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ब्राउझर स्वतःहून नाव-पत्ता भरतो तेव्हा हा लपवलेला रकानाही भरू शकतो, म्हणून तिथं ऑटोफिल बंद ठेवायचं, आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, ऐकणाऱ्याला तो वाचून दाखवला जाऊ नये अशी खूणही लावायची. नाहीतर खरा माणूसच स्पॅम ठरतो.

दुसरा मार्ग वेळेचा. फॉर्म उघडल्यापासून दोन सेकंदांच्या आत चार ओळी भरून आल्या तर त्या माणसानं टाइप केलेल्या नसतात. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखायच्या क्रमांकावरून, मिनिटात किती फॉर्म घ्यायचे याचीही मर्यादा घालतात, पण ती सैल ठेवावी लागते, कारण मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागं कितीतरी ग्राहक ठेवतात आणि शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या वसतिगृहातली सगळी पोरं बाहेर एकाच पत्त्यानं दिसू शकतात. काही जण वैतागून भारताबाहेरचे सगळे पत्तेच बंद करतात. कोल्हापुरात हे करू नये. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तिची चौकशी परदेशातून येणारच, आणि दुबईत नाहीतर अमेरिकेत नोकरीला असलेली आपली माणसंसुद्धा तिथूनच फॉर्म भरणार.

मराठी प्रश्न विचारायचा तर

छोट्या साइटवर कॅप्चाऐवजी एखादा सोपा प्रश्न ठेवतात आणि तो चांगला चालतो, कारण जगभर फिरणारा बॉट एका साइटसाठी वेगळी तयारी बहुधा करत नाही. पण तपासणी मराठी माणसाची सवय ओळखून लिहावी लागते. ‘तीन अधिक चार किती’ विचारलं तर कोणी देवनागरी ७ टाकतो, कोणी इंग्रजी 7 टाकतो, कोणी ‘सात’ असं अक्षरात लिहितो. कॉम्प्युटरच्या लेखी देवनागरी आणि इंग्रजी अंक ही वेगवेगळी चिन्हं आहेत, त्यामुळं फक्त एकच मान्य केलं तर बरोबर उत्तर देणाऱ्यालाही ‘चूक’ म्हणून परत पाठवलं जातं. कोल्हापुरातल्या प्रसिद्ध तलावाचं नाव विचारलं तर रंकाळा, रंकाळा तलाव आणि रोमन अक्षरांतली चार प्रकारची स्पेलिंगं, सगळी धरावी लागतील. शिवाय बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ते माहीत असेलच असं नाही, म्हणून गणितच बरं.

मजकूर बघून गाळणं

आलेल्या मजकुरातले शब्द बघून तो स्पॅम असण्याची शक्यता काढायची, ही बेझच्या संभाव्यतेच्या सिद्धांतावरची पद्धत २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरच्या लेखानंतर खूप पसरली. मराठीत ती वापरताना शिकवायला आपलेच नमुने द्यावे लागतात, आणि चप्पल, चपलेला, चपलांची हे साध्या फिल्टरला तीन वेगळे शब्द वाटतात, म्हणून नमुनेही जास्त लागतात. देवनागरी नसलेलं सगळं उडवा, हा नियम वरवर सोपा वाटतो पण तो घातक आहे. इथली बरीच माणसं मराठीच लिहितात, पण रोमन अक्षरांत. त्यापेक्षा एका मजकुरात किती लिंका आहेत हे मोजणं जास्त कामाचं, कारण साध्या चौकशीत लिंक क्वचितच असते आणि तीन असतील तर संशय घ्यायला हरकत नाही.

संशयित मजकूर थेट पुसायचा नसतो, वेगळ्या यादीत ठेवायचा आणि रोज कुणीतरी माणसानं ती यादी डोळ्याखालून घालायची. दुकानाला एक ऑर्डर गमावणं हे दहा फालतू मेसेज वाचण्यापेक्षा महाग पडतं. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याचा मजकूर थांबवून बघायचा आणि एकदा ओळख पटली की पुढचं सरळ सोडायचं, ही पद्धतही चांगली, फक्त ‘तुमचा मजकूर मिळाला, बघून प्रसिद्ध करू’ असं तिथल्या तिथं मराठीत दिसलं पाहिजे, नाहीतर माणूस तेच चारदा पाठवतो. आणि कुठलाही पहारा चुकून खऱ्या माणसाला आडवा आलाच तर त्यानं टाइप केलेलं पुसलं जाऊ नये, फॉर्म परत उघडल्यावर ते तिथंच असावं आणि खाली दुकानाचा फोन नंबर असावा.